सांभाळण्याच्या बोलीवर घराची जागा

या वेळच्या पत्रांपैकी तीन एकाच विषयाची निघाली: म्हातारपणी सांभाळण्याच्या बदल्यात घराची जागा द्यावी का. म्हणून ती एकत्र घेते. पत्र लिहिणाऱ्यांची नावं-गावं नेहमीप्रमाणं छापलेली नाहीत.

प्रश्न : वकीलबाईंना नमस्कार. मी आजरा तालुक्यातली, वय ७२. मालक जाऊन सहा वर्षं झाली. मला दोन मुली, थोरली इचलकरंजीला, धाकटी पिंपरीला. मुलगा नाही. गावठाणात चार गुंठ्यांत आमचं घर आहे. पुढं सोपा, आत दोन खोल्या, मागं परडं. भावांची वाटणी मालक असतानाच झाली. शेत थोडं आहे, ते दिराचा मुलगा करतो आणि दरसाल भात आणून घालतो. आता माझे गुडघे चालत नाहीत, साखरही आहे. तो म्हणतो, ‘काकी, जागा माझ्या नावावर कर, मी पुढं आरसीसीचं बांधतो, तुला शेवटपर्यंत सांभाळतो.’ पाचशेच्या स्टॅम्पवर कागद लिहून आणलाय, नोटरी करून येऊ म्हणतो. मुलींना अजून सांगितलेलं नाही. त्या आमच्याकडं ये म्हणतात, पण मला तिकडं करमत नाही. परवा नातू फोनवर म्हणाला, चीनमध्ये गावातली घराची जागा दिली की सरकार म्हातारपण बघतं. तसं आपल्या ग्रामपंचायतीला जागा देऊन होईल काय? आणि या कागदावर मी सही करू का नको?

उत्तर : आक्का, सही करू नका. अंगठाही देऊ नका. पुतण्याच्या मनात काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. जो दरसाल न चुकता तुमच्या घरात भात आणून टाकतो, तो उद्याही दोन घास देईल हीच शक्यता जास्त. पण त्यानं आणलेला कागद ना तुमच्या कामाचा, ना त्याच्या. स्थावर मिळकतीची मालकी नोटरीच्या शिक्क्यानं बदलत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणं असा दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवावा लागतो. तरीही तो कागद दाखवून कुणी ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव चढवून आणलं, तर पुढची कित्येक वर्षं तुमच्या मुली आणि तुमचा पुतण्या एकमेकांसमोर कोर्टात उभे राहतील. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. हे कोर्टात सांगता येतं, पण तोपर्यंत घराची किल्ली कुणाच्या हातात गेली यावरच गावात सगळं ठरून गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. ती जागा तुमची एकटीची नाही. मालकांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि तुमच्या सासूबाई त्यांच्याआधी गेल्या असतील, तर त्यांच्यामागं तुम्ही आणि दोन्ही मुली अशा तिघी सारख्या वारस. जागा त्यांनी स्वतः घेतलेली असो नाहीतर वाटणीत आलेली वडिलोपार्जित असो, तुमच्या घरात हिशेब दोन्हीकडून तेवढाच येतो, कारण २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्मानंच हिस्सेदार आहेत. प्रत्येकीला तिसरा हिस्सा. म्हणजे तुम्ही मनापासून द्यायचं म्हटलं तरी तुमच्या हातात सव्वा गुंठ्याहून थोडीशीच जास्त जागा आहे. बाकीची द्यायची तर मुलींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवं. मुलींपासून ही गोष्ट लपवून तुम्हाला काहीच करता येणार नाही, आणि करूही नये. आज संध्याकाळीच दोघींना फोन करा.

त्याच्या जोडीनं एक काम करून घ्या. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोननं मोजणी सुरू झाली आणि घराघराच्या मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, निघू लागल्या. तुमच्या गावाची निघाली असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून तिचा उतारा काढा आणि त्यावर नाव कुणाचं आहे, चतुःसीमा काय लिहिल्या आहेत, परडं त्यात धरलंय का, हे नीट वाचून घ्या. मालकांचंच नाव असेल तर आधी तिघींची वारस नोंद. परड्याची हद्द चुकलेली असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्यायची. भावकीतली निम्मी भांडणं परड्याच्या बांधावरूनच होतात.

आता सांभाळण्याचं बघू. म्हाताऱ्या माणसाकडून जागा दोन वाटांनी जाते. बक्षीसपत्र केलं की नोंदणी झाल्या दिवसापासून मालक तो. मृत्युपत्र केलं तर तुम्ही आहात तोवर मालक तुम्हीच, तुमच्यामागं तो. माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सांगते: राहतं घर हयातीत कुणाच्याही नावावर करू नये. पोटच्या मुलाच्याही नाही. चंदगडकडचे एक आजोबा सगळं घर बक्षीस करून बसले होते. त्यांना कुणी हाकललं नाही. आधी सोप्यातली त्यांची कॉट मागच्या खोलीत गेली. मग त्या खोलीत पेंडीची पोती आली आणि कॉट गोठ्याच्या कडेला गेली. कुणी हात उचलला नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. ताट रोज येत होतं, फक्त ते पुढ्यात ठेवून कुणी बोलत नव्हतं. असल्या दुःखाची कुठल्याही कायद्यात तक्रार लिहिता येत नाही. घर नावावर असतं तर कॉट सोप्यातच राहिली असती.

तुमच्या पत्रात मला जे नाव सापडलं नाही, ते पुतण्याच्या बायकोचं. ती काय म्हणते? ‘मी सांभाळतो’ असं पुतण्या म्हणतो आणि त्याच्या मनात तसं असेलही. पण तो सकाळी शेतात जाणार. तुम्हाला न्हाणीत नेणार ती, साखरेच्या माणसाची वेगळी भाकरी करणार ती, आणि उद्या अंथरूण धरलंत तर तुमचं सगळं काढणारही तीच. मी माझ्या सासूबाईंचं केलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठ सोलून निघते. साखर असेल तर ती जखम भरतही नाही. हे काम कागदावर पुरुषाच्या नावानं लिहायचं आणि ओझं बाईच्या पाठीवर टाकायचं, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. सांभाळण्याच्या बोलीतल्या कित्येक बोली मोडतात त्या तिथंच. तिला कुणी विचारलेलं नसतं, जागेवर तिचं नाव नसतं, आणि मग ती कंटाळली की दोष तिच्याच माथी मारला जातो.

म्हणून तिला समोर बसवा, एकटीला. नवऱ्यासमोर ती खरं बोलणार नाही. तिच्या माहेरी तिची आई आजारी आहे का, मुलं किती लहान आहेत, तिला कंबरेचं दुखणं आहे का, हे विचारा. ती मनापासून हो म्हणाली तर मृत्युपत्रात तिचं नाव पुतण्याच्या बरोबरीनं घाला, दोघांना निम्मं निम्मं. माझ्या अनुभवात बोली टिकवणारी याहून मोठी गोष्ट नाही. ती नाही म्हणाली तर पुतण्याचा शब्द कितीही गोड असला तरी तिथंच थांबा.

ती हो म्हणाली तर दोन कागद करायचे. पहिला सांभाळण्याचा करार. त्यात ‘योग्य प्रकारे सांभाळ करील’ असलं मोघम काही नको. दोन वेळचं जेवण आणि चहा किती वाजता, साखरेच्या गोळ्या कोण आणून देणार, महिन्याला तपासणीला गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात कोण नेणार, वेळ आली आणि कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात ठेवावं लागलं तर रात्री उशाशी कोण बसणार, हे लिहा. मुली आल्या तर त्या घरात हक्कानं राहतील, हेही लिहा. माघारी क्रियाकर्म कोण करणार हे लिहायला लाजू नका. मला भेटलेल्या बायकांना सगळ्यात जास्त घोर त्याचाच असतो.

आणि त्या आरसीसीचं. बांधकाम सुरू झाल्यावर तुम्ही राहणार कुठं, हे पुतण्यानं सांगितलंय का? गावात बांधकाम दोन-दोन वर्षं रेंगाळतं. सोपा पाडला की तुमचं दार गेलं. तेव्हा आधी मागच्या बाजूला तुमची एक खोली पक्की करायची, तिला लागून संडास-न्हाणी. त्यात उंच बैठकीचं भांडं आणि भिंतीला धरायला दांडा. गुडघे गेलेल्या माणसाला परड्याच्या टोकाचा संडास म्हणजे रोजची परीक्षा असते, पावसाळ्यात तर घसरून खुब्याचं हाड मोडायला एक पाऊल पुरतं. ती खोली झाल्यावर पुढचं पाडायचं. हा क्रम करारात घाला.

दुसरा कागद मृत्युपत्र. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, पण तुम्ही नोंदवा. दोन साक्षीदार लागतात. ते तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि भावकीच्या बाहेरचे असावेत, म्हणजे पुढं साक्षीला हयात असतील आणि त्यांच्यावर कुणी बोट दाखवणार नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरचा त्याच दिवसाचा दाखला जोडा. मृत्युपत्र तुम्हाला कधीही बदलता येतं, हेच तुमचं बळ.

पण मग पुतण्याचं काय? त्यानं दहा वर्षं केलं आणि शेवटी काकीनं मन बदललं तर? ही त्याची भीती खोटी नाही, ती ऐकून घ्या. करारातच लिहा की त्यानं औषधपाण्यावर आणि तुमच्या खोलीवर केलेला खर्च वहीत लिहिला जाईल, दर महिन्याला तुमची त्यावर सही होईल, आणि मृत्युपत्र बदललं तर तेवढी रक्कम तुमच्या हिश्श्यातून त्याला परत मिळेल. दोघांचाही जीव त्यात भांड्यात पडतो. मुलींना हा करार वाचायला द्या आणि त्यांच्या सह्या घ्या.

इतकं सांगूनही तो ‘नाही, बक्षीसपत्रच हवं’ म्हणाला आणि तुम्हाला दुसरा इलाज उरला नाही, तर दोन अटी दस्तातच शब्दानं लिहून घ्या: हयातीपर्यंत त्या घरात राहण्याचा तुमचा हक्क, आणि सांभाळ न केल्यास बक्षीस रद्द. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ अशा वेळी उपयोगी पडतं. साठीच्या पुढच्या माणसानं सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर तो दस्त फसवणुकीनं झाला असं धरून न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकतं. घेणारा मुलगाच असला पाहिजे असं नाही, पुतण्याही त्यात येतो. पण अट असल्याचं दिसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे. खर्चही ध्यानात घ्या. राहतं घर मुलगा, मुलगी, नातवंडांना बक्षीस द्यायला दोनशे रुपयांचं मुद्रांक शुल्क आहे. पुतण्याला ती सवलत नाही.

आता चीनचं. नातवानं सांगितलं त्यात तथ्य आहे, पण तिथली जमीनच वेगळी आहे. तिथं गावातली घराची जागा कुणा एकाच्या मालकीची नसते. ती गावाच्या सामूहिक मालकीची, कुटुंबाला फक्त घर बांधून राहण्याचा हक्क, तोही एका कुटुंबाला एकाच जागेचा. शहरातल्या माणसाला ती विकत घेता येत नाही. पोरं कामाला शहरात गेली, घरांना कुलपं लागली, मागं म्हातारी उरली. २०२० च्या त्यांच्या जनगणनेत खेड्यांतली जवळजवळ २४ टक्के माणसं साठीच्या पुढची निघाली. तेव्हा ही बंद किंवा अर्धी रिकामी घरं गावाला परत घ्यायची आणि बदल्यात फ्लॅट, पेन्शनचा आधार किंवा वृद्धांच्या निवासात सोय द्यायची, असे प्रयोग ठिकठिकाणी झाले. तिआनजिन शहराजवळच्या हुआमिंग गावात जागेच्या बदल्यात फ्लॅट दिले. चोंगचिंगमध्ये २००८ पासून घर मोडून त्या जागेची शेती केली की तेवढ्या क्षेत्रावर दुसरीकडं बांधकाम करण्याचा हक्क बाजारात विकता येऊ लागला. २०२० च्या जानेवारीपासून लागू झालेल्या तिथल्या जमीन कायद्याच्या दुरुस्तीनं शहरात स्थिरावलेल्या गावकऱ्याला मोबदला घेऊन, स्वखुशीनं, जागा सोडता येते.

यात ‘स्वखुशीनं’ हा शब्द कायद्यात आहे, पण गावंच्या गावं हलवताना तो नेहमी पाळला गेला नाही, अशी टीका तिथल्याच अभ्यासकांनी केली. फ्लॅटमध्ये गेलेल्या म्हाताऱ्यांचं परडं गेलं, कोंबड्या गेल्या, भाजीपासून पाण्यापर्यंत सगळं विकत आलं. आक्का, तुम्हाला पिंपरीत का करमत नाही, हे त्यांना सांगावं लागणार नाही.

त्यांच्याकडची दुसरी एक गोष्ट मला जास्त घ्यावीशी वाटते. त्यांच्या १९८५ च्या वारसा कायद्यात होती आणि २०२१ पासून लागू असलेल्या नागरी संहितेतही आहे: म्हाताऱ्या माणसानं वारस नसलेल्या व्यक्तीशी किंवा संस्थेशी करार करायचा. त्यांनी हयातभर सांभाळायचं, माघारी अंत्यविधी करायचा, आणि त्यानंतर मिळकत त्यांची. आधी सांभाळ, मग जागा. आपल्या कायद्यात असा एकच तयार दस्त नाही, म्हणून तर मी तुम्हाला दोन कागद करायला सांगितले. आपल्या ग्रामपंचायतीकडं जागा घेऊन सांभाळण्याची कुठली योजना नाही. २००७ पासून बँकांची उलट तारणाची योजना आहे, घर तारण ठेवून साठीच्या पुढच्या माणसाला दरमहा पैसे देणारी, पण तिला निर्वेध मालकी लागते. तीन वारसांच्या, पत्रिका नसलेल्या गावठाणातल्या घराच्या दारात बँक येत नाही.

एक शेवटचं. वयाची ७० झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड काढलं नसेल तर या आठवड्यात काढा. तेवढंच पुतण्याचं ओझं कमी.

प्रश्न : मी कागल तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमच्या गावठाणात बरीच घरं बंद आहेत, मालक मुंबई-पुण्याला. दुसरीकडं एकटी राहणारी म्हातारी माणसं वीस-पंचवीस असतील. ज्यांना वारस नाही किंवा वारस बघत नाहीत, त्यांच्या जागा ग्रामपंचायतीनं किंवा ट्रस्ट काढून लिहून घ्यायच्या आणि त्यांना दोन वेळचं जेवण, औषध द्यायचं, असा विचार मांडायचा आहे. कसा मांडू?

उत्तर : विचार चांगला आहे, आणि तुम्ही तो मनावर घेतलाय याचा मला आनंद झाला. फक्त सुरुवात जागेपासून करू नका. जेवणापासून करा.

कारण असं, की ज्या दिवशी ग्रामसभेत ‘म्हाताऱ्यांच्या जागा’ हे शब्द निघतील, त्या दिवशी गावात दोन प्रकारची माणसं जागी होतील. एक, आजवर ढुंकून न बघणारे वारस. दोन, रस्त्याकडेच्या गुंठ्यांवर नजर असलेले पुढारी. दोघंही जेवणाबद्दल एक शब्द बोलणार नाहीत. ग्रामपंचायतीची माणसं दर पाच वर्षांनी बदलतात. आज तुम्ही आहात, उद्या त्या जागेवर व्यापारी गाळे काढणारा कुणी येईल, आणि ज्या म्हातारीनं जागा दिली ती तेव्हाही हयात असेलच.

जेवणाला घराची मालकी लागत नाही. बंद घरांपैकी चौकातलं, जोतं फार उंच नसलेलं एक घर बघा. त्याच्या मुंबईच्या मालकाकडून ते पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घ्या. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, तो नोंदवा. मालकाला घराची डागडुजी आणि कौलं चाळून मिळणं हेच मोठं भाडं असतं, कारण बंद घर दोन पावसाळ्यांत बसतं. त्याच्या मनात ‘घर गिळतील’ ही भीती असते, ती नोंदणीकृत मुदतीनं जाते. तिथं बचत गटातल्या बायकांकडून स्वयंपाक करून घ्या आणि त्यांना मजुरी द्या. सेवा म्हणून फुकट राबवू नका. ज्यांना येता येतं ते येतील, ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडं डबा जाईल, आणि डबा नेणारी बाई रोज त्या माणसाला डोळ्यांनी बघेल. दार उघडलं नाही तर निदान कळेल तरी. माझ्या लेखी जेवणाइतकंच मोल त्या बघण्याला आहे.

पैसे गावातून उभे राहतात. श्रावणबाळ योजनेचे दरमहा पंधराशे ज्यांना मिळतात त्यांच्याकडून जमेल तेवढा वाटा घ्या, फुकटचं खाण्यात त्यांचाही मान दुखावतो. ज्यांना मिळायला हवेत आणि मिळत नाहीत, त्यांचे अर्ज तुम्ही सदस्य म्हणून तहसीलला नेऊन द्या. बाहेर नोकरीला गेलेल्या पोरांना यात्रेला वर्गणी मागता, तशी ही मागा.

हे वर्ष-दोन वर्षं चाललं, लोकांचा विश्वास बसला, की ट्रस्ट काढा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात त्याची नोंदणी होते. त्याचा मोठा फायदा कलम ३६: धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मिळकत विकता येत नाही, आणि घर किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानंही देता येत नाही. पुढाऱ्याच्या हातून जागा वाचवायला हे कुलूप चांगलं. त्यानंतर कुणाला स्वतःहून द्यायची असेल तर त्यानं ट्रस्टच्या नावे मृत्युपत्र करावं, बक्षीसपत्र नव्हे. वरच्या आक्कांना सांगितलं तेच इथंही. ट्रस्टनं मागून घेऊ नये, आणि विश्वस्तांपैकी किंवा त्यांच्या भावकीतल्या कुणाला ती जागा कधीही विकत किंवा भाड्यानं मिळणार नाही, हे घटनापत्रात पहिल्याच पानावर लिहा. विश्वस्तांत निम्म्या बायका घ्या. स्वयंपाक करणाऱ्या दोघी त्यात हव्यातच.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातला, वय ७६. २०२१ च्या महापुरात घराची मागची भिंत पडली. मुलगा म्हणाला, नावावर करून द्या, कर्ज काढून बांधतो. त्या वर्षी बक्षीसपत्र करून दिलं. घर बांधलं. आता सून बोलत नाही, मुलगा औषधाला पैसे देत नाही, आणि मागच्या महिन्यात ‘बहिणीकडं जाऊन राहा’ म्हणाला. दस्तात सांभाळण्याची अट लिहिलेली नाही. माझं काही होईल काय?

उत्तर : दादा, होईल. आणि घर सोडून जाऊ नका. बहिणीकडं चार दिवस जायचं असलं तरी अर्ज दिल्याशिवाय जाऊ नका.

पोटगीचा तुमचा हक्क बक्षीसपत्रावर अवलंबून नाही. दस्तात अट असो नसो, मुलानं तुम्हाला सांभाळलंच पाहिजे. २००७ च्या कायद्याप्रमाणं तुमच्या उपविभागाच्या प्रांताधिकाऱ्यांसमोर न्यायाधिकरणात साध्या कागदावर अर्ज करता येतो. महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा आणि फार तर तीस दिवस वाढवायचे, असं कायदा सांगतो. तिथं वकील लागत नाही. कायद्यानं पक्षकारानंच बोलायचं ठेवलं आहे. अर्ज लिहायला तालुका विधी सेवा समितीकडं जा. मुलीही असतील तर त्यांनाही सामील करावं लागेल का, हा प्रश्न तिथं निघेल. त्यावर रागावू नका.

बक्षीसपत्र रद्द करण्याचं कठीण आहे, पण दार बंद नाही. मूळ दस्त पुन्हा वाचा. ‘प्रेमापोटी आणि यापुढील सांभाळाच्या भरवशावर’ असं एखादं वाक्य मजकुरात असतं आणि ते आपल्या ध्यानात नसतं. त्याच सुमाराला मुलानं काही लिहून दिलंय का, कर्जाच्या कागदांत, ग्रामपंचायतीच्या संमतीपत्रात, भावकीसमोर केलेल्या एखाद्या कागदात, ते शोधा. २ जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढं असाच प्रसंग होता: आईनं बक्षीस दिलेलं, आणि मुलानं वेगळ्या कागदावर सांभाळण्याचं वचन लिहिलेलं. हा कायदा म्हाताऱ्या माणसाच्या बाजूनं, मोकळ्या मनानं वाचायचा, असं सांगून न्यायालयानं बक्षीस रद्द ठरवलं आणि मिळकतीचा ताबा आईला परत द्यायला लावला. असा एखादा कागद सापडला तर त्याच अर्जात कलम २३ ची मागणी जोडा. नाही सापडला तरी पोटगी आणि घरातून न काढण्याचा आदेश, या दोन मागण्या ठेवा.

मुलानं वरती आव्हान दिलं तर घाबरू नका. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

आजच १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनवर फोन करून ‘घर सोड म्हणतात’ एवढं नोंदवून ठेवा. औषधांच्या चिठ्ठ्या आणि पावत्या एका पिशवीत घाला, बक्षीसपत्राची नक्कल दुय्यम निबंधकाकडून मागून घ्या. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पहिल्या तारखेला मुलगा काय म्हणाला ते मला लिहून कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.